शेजारची खुर्ची

"तुझं नाव घातलंय बग मी त्या कागदात," शालनमावशी म्हणाली आणि माझ्या हातातली पिपेट सुटून बेसिनमध्ये पडली.

"कुठल्या कागदात?"

"चौकशीच्या. सोबत कुणाला आणणार म्हणून इचारलं होतं न्हवं? श्रेणिक मगदूम, प्रयोगशाळा. अर्ज दिला, पोच घेतली. गुरुवारी अकराला. आंघोळ करून ये."

"मावशी, अहो मी?"

"का? तुला बसायला येत न्हाई? शेजारच्या खुर्चीत बसायचं. एवढंच काम हाय."

एवढं बोलून ती पायातल्या गमबुटांचा फटक फटक आवाज करत दूध उतरवायच्या डॉकवर निघून गेलीसुद्धा. मी तिथंच उभा. नळ चालू, पिपेट फुटलेली. मावशीच्या नोकरीवर जे बालंट आलं होतं त्याचं मूळ माझ्याच टेबलावर, माझ्याच अक्षरात पडलेलं होतं. आणि माझी खात्री होती की तिला त्याचा पत्ता नाही.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, तालुक्याच्या दूध संघात प्रयोगशाळेत लागून चार वर्षं झाली होती, अंगावर पांढरा कोट होता आणि त्या कोटाचा तोरा कोटापेक्षा दोन मापं मोठा होता. शालन थोरवत आमची ग्रेडर. गावोगावच्या डेअऱ्यांचे टेम्पो सकाळी डॉकला लागायचे, कॅन खाली उतरायचे, झाकणं उघडायची आणि मावशी एकेका कॅनवर वाकायची. नाकानं एक श्वास, बास. "जाऊ दे" म्हणाली की कॅन पुढं. "बाजूला" म्हणाली की कॅन परत गावाला. अकरा वर्षं ती हे करत होती. कुठल्या गावच्या म्हशीनं कडुनिंबाचा पाला ओरबाडलाय, कुणी कॅन फिनेलच्या फडक्यानं पुसलाय, हे ती झाकण उघडल्या उघडल्या सांगायची, आणि ड्रायव्हर लोक गावात जाऊन विचारायचे तर ते तसंच निघायचं.

तर त्या फेब्रुवारीत एका सोमवारी बोरगेवाडीचा टेम्पो आला. बावीस कॅन. मावशीनं आठ पुढं सोडले आणि चौदा बाजूला काढले. एरवी एवढ्यावर मिटलं असतं. पण बोरगेवाडी म्हणजे संघाचे संचालक आबासाहेब भोईटे यांचं गाव. तिथल्या डेअरीचे सेक्रेटरी तातोबा शिणगारे टेम्पोबरोबरच आले होते. त्यांनी डॉकवरच आरडाओरडा सुरू केला. आमचे प्रशासन अधिकारी शेटेसाहेब धावत आले आणि म्हणाले, प्रयोगशाळेत तपासा. मग मी नमुना नेला, फॅट काढलं, आम्लता काढली, दूध उकळून बघितलं. सगळं उत्तम. रजिस्टरात शेवटचा रकाना असतो वासाचा. त्यात मी लिहिलं, सामान्य.

आता खरं सांगायचं तर त्या रकान्यात मी चार वर्षं सामान्यच लिहीत होतो. लिहीत तरी कुठं होतो? पानाच्या डोक्यावर एकदा 'सामान्य' लिहायचं आणि खाली ओळीनं डिट्टोच्या टिकल्या मारत जायच्या. वास घ्यायला डॉकवर मावशी होतीच की! आणि त्या सोमवारी तर मनात आणलं असतं तरी मला वास घेता आला नसता. दोन दिवस मला अशी सर्दी झाली होती की आईनं समोर फोडणी दिलेली कळत नव्हती. घरून निघताना कपाळाला, छातीला बाम चोपडून आलो होतो. अशा नाकानं मी लिहिलं होतं, वास सामान्य.

या सगळ्यात तीन तास गेले, उन्हात ते चौदा कॅन नासले आणि आबासाहेब खवळले. आठ दिवसांत मावशीला आरोपपत्र मिळालं. चांगलं दूध द्वेषबुद्धीनं नाकारलं, प्रयोगशाळेच्या अहवालावरून हे उघड होतं, सिद्ध झाल्यास कामावरून कमी करण्यात येईल. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे मी. माझी ती टिकली.

मावशीच्या निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. पण नोकरी जाईल याच्यापेक्षा तिला दुसरंच लागलं होतं. "माझ्या नाकाला खोटं म्हणत्यात," एवढं एकच ती दोनतीनदा म्हणाली. कामात मात्र फरक नाही. रोज सकाळी गमबूट, डोक्याला रुमाल, कॅनवर वाकणं, जाऊ दे, बाजूला.

आणि सोबतीला तिनं निवडलं कुणाला? मला! तालुकाभर माणसं पडली होती. कामगार नेते सर्जेराव तर स्वतःहून येऊन सांगून गेले होते, "शालनबाई, मी बोलायला उभा राहिलो तर शेट्याला घाम फोडीन." तिचा पुतण्या वकील होता, तो काळा कोट इस्त्री करून तयार. तिचे यजमान रंगरावमामा म्हणत होते की मी येतो, मला काय कळत नाही पण मी येतो. आणि ही बाई माझं नाव देते! तीन रात्री मला झोप नाही. बिचारी किती विश्वासानं आपल्याला शेजारी बसवतेय, आणि आपणच तिचा गळा कापलाय, या विचारानं मी आतून सोलून निघत होतो. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. खोट्या नोंदीला आमच्याकडं माफी नव्हती. धीर होईना. एवढा मोठा पांढरा कोट आणि आत हा असला मी.

गुरुवारी अकराला सभागृहाबाहेर हे एवढं वऱ्हाड जमलं. सर्जेराव उपरणं टाकून, वकील पुतण्या, रंगरावमामा हातात जेवणाचा डबा घेऊन, आणि कोपऱ्यात मी. मावशी नेसली होती ती ठेवणीतली मोरपंखी साडी. गमबुटांशिवाय मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

"मावशी," मी हळूच विचारलं, "त्या दिवशी नेमका वास कसला होता?"

"भाजल्यालं खोबरं. धनं. आणि मटणाची चरबी. चौदा कॅनांना एकच वास."

"दुधाला? मटणाचा?"

"तुला काय कळणार रं, जैनाचा तू. तुझं नाक शाबूत असतं तरी तुला वळखू आलं नसतं."

नाक शाबूत असतं तरी! मी एकदम चपापलो. पण तिनं ते इतकं सहज म्हटलं की मला वाटलं, उगाच बोलायची पद्धत.

आत चौकशी अधिकारी म्हणून मुजावरसाहेब बसले होते. मिरजेचे, कामगार न्यायालयातून निवृत्त झालेले, पांढरीशुभ्र दाढी, समोर स्थायी आदेशांचं, म्हणजे नोकरीच्या नियमांचं पुस्तक आणि पानाचा डबा. बाहेरचा माणूस म्हणून संघानं मुद्दाम त्यांना बोलावलं होतं. आम्ही सगळेच आत शिरलो तसे ते चष्म्यावरून बघत राहिले.

"एवढी मंडळी? कुणाचं लग्न आहे का?"

"मी कामगार नेता," सर्जेराव म्हणाले.

"या संघात कामाला आहात?"

"नाही, पण जिल्ह्यात माझा..."

"बाहेर."

"मी वकील, आणि यांचा पुतण्या."

"मग दोनदा बाहेर. वकील चालत नाही आणि नातेवाईकही चालत नाही." मग ते रंगरावमामांकडं वळले. "आपण?"

"मी हिचा नवरा. मी काय बोलणार न्हाई. नुसता बसतो. डबा हाय."

मुजावरसाहेब हसले. "मामा, तुमचं बसणं मला समजतं. पण नियम एकच सांगतो. सोबत एकच माणूस, आणि तो याच ठिकाणी काम करणारा, कर्मचाऱ्यानं स्वतः पसंत केलेला. डबा मात्र ठेवून जा, त्याला नियम नाही."

मामांनी डबा टेबलावर ठेवला, मावशीकडं एकवार बघितलं आणि ते बाहेर गेले. आता उरलो मी. मी शेजारच्या खुर्चीत टेकतोय तोवर संघाची बाजू मांडायला बसलेले शेटेसाहेब ताडकन उठले.

"साहेब, याला हरकत आहे! मगदूम आमचा साक्षीदार आहे. पहिला साक्षीदार! रजिस्टरातली नोंद यानंच केलीय. तो तिकडं कसा बसेल?"

"साक्षीदारांची यादी तुम्ही कधी दिलीत?"

"ती... आज देतोय. ही काय."

मुजावरसाहेबांनी फाइल उलगडली. "बाईंचा अर्ज आरोपपत्र मिळालं त्याच दिवशीचा आहे. दुपारी साडेतीनची पोच आहे, तुमच्याच शिक्क्याची. कर्मचाऱ्यानं सोबती निवडला, तो कबूल झाला. एकदा सोबती म्हणून बसलेला माणूस त्याच चौकशीत साक्षीदार होत नाही. दोन्हीकडून जेवता येत नाही शेटे, पंगत एकच."

"पण साहेब, मग नोंद शाबीत कोण करणार?"

"तो तुमचा प्रश्न."

शेटे मटकन खाली बसले. मला मात्र यातलं काही नीट उमगलं नाही. एवढंच कळलं की आज मला कुणी काही विचारणार नाही. खोटं सांगावं लागणार नाही, म्हणून हायसं वाटलं. पाठोपाठ लाजही वाटली.

शेट्यांनी रजिस्टर उघडून साहेबांसमोर धरलं. "माणूस नसला तरी कागद बोलतो साहेब. ही बघा तारीख. फॅट, आम्लता, सगळं उत्कृष्ट. आणि हा वास. सामान्य. आता बाईंचं नाक मोठं की प्रयोगशाळा मोठी, आपणच ठरवा."

"बाई, या नोंदीबद्दल तुम्हाला काही विचारायचंय?"

"न्हाई साहेब," मावशी म्हणाली.

मी तिच्याकडं बघतच राहिलो. नाही? अहो, तिथंच तर सगळं अडलंय! विचारा ना, वास घेणारा कोण होता, त्यानं खरंच घेतला का! मी तिच्या पदराला हलकेच ओढ दिली. तिनं माझ्याकडं न बघता टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. शेटे रजिस्टरावर बोट नाचवत होते, त्या बोटाखाली माझी ती टिकली होती, आणि मावशी शांत.  मग काय झालं मला ठाऊक नाही, मी उभा होतो.

"साहेब, त्या दिवशी मला सर्दी होती!"

"गप रं!" मावशीनं माझा कोट ओढला. "बस खाली! कुणी इचारलंय तुला?"

"सर्दी होती साहेब. मला वास येतच नव्हता. ते सामान्य मी सवयीनं लिहिलं. ते खरं नाही."

सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. मुजावरसाहेबांनी पेन उचललं होतं ते खाली ठेवलं, टोपण लावलं, पानाचा डबा उघडला, बंद केला.

"मगदूम," ते म्हणाले, "तुम्ही सोबती आहात. सोबत्याची साक्ष होत नाही, हे आत्ताच मी सांगितलं. तेव्हा तुम्ही काय बोललात ते मी लिहिलेलं नाही. किंबहुना पंखा फार आवाज करतो, मला ते ऐकूच आलं नाही. शेटे, तुम्हाला काही ऐकू आलं?"

शेट्यांची अवस्था बघण्यासारखी झाली होती. माझी कबुली धरून मला लटकवावं तर त्यांचा स्वतःचा एकुलता एक पुरावा बुडतो. न धरावी तर कानानं ऐकलेलं गिळावं लागतं. 

"नाही साहेब," शेवटी ते म्हणाले. "मलाही नाही."

"उत्तम. मगदूम, बसा. सोबत्याला साक्ष देता येत नाही, पण एक हक्क आहे. समोरच्या साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात. तेव्हा तोंडाला फार खाज सुटली असेल तर तिथं भागवा."

पुढचा साक्षीदार म्हणजे तातोबा शिणगारे. धोतर, भगवा फेटा, मिशीला ताव. खुर्चीत बसले ते पाटलाच्या थाटात. बोरगेवाडीचं दूध म्हणजे अमृत, कॅन म्हणजे आरसा, असं त्यांनी भडाभडा सांगितलं. मग त्यांनी फेट्याचा शेव डोळ्याला लावला.

"साहेब, दुधाचं सोडा. पर आमच्या आबासायबांची इज्जत गेली! आदल्याच दिशी, आयतवारी, त्यांच्या नातवाचं जावळ झाल्यालं. घरात पावणं-रावणं, मुंबैचं जावई. आन त्यांच्या डोळ्यांदेखत चौदा कॅन माघारी आलं! नातवाच्या जावळाच्या दुसऱ्या दिशी! आबासायब दोन दीस जेवलं न्हाईत."

शेटे मान हलवत होते. मी मात्र सरळ बसलो. जावळ! मी जैन असलो म्हणून काय झालं, आमच्या भागात जावळाला बोकड पडतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भाजलेलं खोबरं, धने, मटणाची चरबी. मी मावशीकडं बघितलं. तिच्याही भुवया वर गेल्या होत्या. तिनं माझ्या पायावरचा पाय काढून घेतला.

मी उभा राहिलो. 

"तातोबाआण्णा, मोठा कार्यक्रम झाला म्हणायचा."

"मोठा? दोन हजार पान उठलं! तालुक्यात असं जावळ झालं न्हाई."

"जेवण काय केलं होतं?"

"काय म्हंजे? तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. आचारी खास कोल्हापूरचा."

"म्हणजे गार होऊन गेलं असेल. दोन हजार माणसं, पंगतीवर पंगती. शेवटच्या पंगतीला गार रस्सा. लोक नावं ठेवतातच."

तातोबा एकदम ताठ झाले. व्यवस्था सगळी त्यांच्याकडं होती, हे मला नंतर कळलं. "कोण म्हणतो गार? शेवटच्या पंगतीला तोंड भाजत हुतं तोंड! मी सोता उभा हुतो वाढायला."

"एवढ्या वेळ गरम राहिला कसा?"

"त्याला डोकं लागतंय मगदूम. कायलीत ठिवला तर गार हुतोच. मी काय केलं, शिजला की गरम गरम भरला डेरीच्या कॅनात, झाकान आवळून बंद. चार तास वाफ हलत न्हाई! समदी गावं आता आमचंच बघून..."

आणि तिथं ते थांबले. मिशीवरचा हात मिशीवरच राहिला. शेट्यांनी डोळे मिटून घेतले. 

मुजावरसाहेबांनी अतिशय मऊ आवाजात विचारलं, "किती कॅन लागले आण्णा?"

तातोबांनी खाली बघितलं. माणूस बढाईखोर, पण खोटारडा नव्हता. "चौदा," ते पुटपुटले. "पर धुतलं हुतं साहेब. राखंनं घासून, ऊन पाण्यानं धुतलं हुतं. देवाशप्पत."

"धुतलंच असणार आण्णा," इतका वेळ गप्प बसलेली मावशी म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग म्हणून नव्हता. "कॅन लखलखीत हुतं. पर झाकणाला आत रबर असतंय न्हवं? त्येच्या खाचंत मसाला बसतोय. रबर काढून धुवायला पायजे. आठ कॅनांना काय वास न्हवता, ते मी सोडलं. चौदांना हुता, ते बाजूला काढलं. माझं तुमच्याशी काय वाकडं हाय?"

"एक शेवटचं विचारतो," मुजावरसाहेब म्हणाले. "रस्सा चांगला झाला होता?"

तातोबांना राहवलं नाही. "लई बेस साहेब!"

"तरीच," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि बराच वेळ ते लिहीत राहिले. हसू दाढीत लपवायचा प्रयत्न त्यांनी केला, पण दाढी पुरली नाही.

निकाल रीतसर कागदावर यायला आठ दिवस लागले, पण बाहेर पडताना सगळ्यांना कळलंच होतं. सर्जेरावांनी, आपण आत नव्हतो हे विसरून, माझ्या पाठीवर थाप मारली. तातोबा आले आणि मावशीला म्हणाले, "शालनबाई, नाक हाय का काय हाय ते!" आणि निघून गेले. मग सायकल स्टँडच्या शेडखाली आम्ही तिघं डबा उघडून बसलो. मामांनी भाकरी मोडून मला दिली. मी ती हातातच धरून बसलो.

"मावशी, मला माफ करा. तुम्ही एवढ्या विश्वासानं मला घेतलंत आणि ती नोंद..."

"ती नोंद खोटी हाय, हे मला त्याच दिवशी ठावं हुतं," मावशी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवत म्हणाली.

"काय?"

"तू नमुना न्यायला डॉकवर आलास. दहा हातांवरनं बामाचा वास! कपाळाला, छातीला, चांगला थापला हुतास. एवढा बाम लावल्याला माणूस दुधाचा वास काय घेणार? मी तवाच म्हणलं, आता ह्यो गप बसंल तर बरं, आन हा जाऊन लिवतोय सामान्य!"

मी तोंड उघडं टाकून बसलो. "तुम्हाला माहीत होतं? मग तुम्ही आत बोलला का नाहीत? एका वाक्यात सुटला असता!"

"आन तू?"

मी हातातली भाकरी उगाच मोडत बसलो.

"डॉकवर भिंतीला त्या नियमांची पाटी हाय. अकरा वर्सं तिच्यासमोर उभी हाय मी, पाठ झालीय. शेजारी बसल्याला माणूस समोर उभा करता येत न्हाई. शेटेसाहेब तुला पयला उभा करणार, हे मला दिसत हुतं. खरं बोलला असतास तर तुझी नोकरी गेली असती. खोटं बोलला असतास तर..."

"तर तुमची."

"माझी गेली असती, ते बघितलं असतं. पर तू रोज सकाळी मला त्वांड कसं दावलं असतंस? चोवीस वर्साचं वय तुझं. अजून सगळं व्हायचंय. तवा म्हणलं, शेजारीच बसवू ह्येला, म्हंजे दोन्ही पिडा टळतील. आणि हा शाणा तिथं उठून बोंबलतोय, सर्दी हुती म्हणून! पायावर पाय दिऊन दिऊन माझी करंगळी दुखायला लागली."

मामा फसकन हसले. मावशीही हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि पिठलं तिखट होतं म्हणून दोन्ही खपून गेलं. ज्या बाईला मी वाचवायला गेलो असं मला वाटत होतं, तिनं पंधरा दिवस आधीच एका अर्जावर सही करून मला वाचवून ठेवलं होतं. आणि त्यात तिची स्वतःची नोकरी पणाला लावली होती.

"तुमच्याकडं दुसरं काहीच नव्हतं मावशी? हरला असता तर?"

"भ्या वाटत हुतं की," ती म्हणाली. "वाटणार न्हाई व्हय? पर माझं नाक खरं हुतं. आता जेव."

दुसऱ्या दिवशी पहाटेचे टेम्पो लागले तसा मी रजिस्टर घेऊन डॉकवर गेलो. मावशीनं काही विचारलं नाही. पहिल्या कॅनचं झाकण काढलं, बाजूला सरकली आणि म्हणाली, "घाल नाक." त्या सकाळपासून मी एकेका नमुन्याचा वास घेऊनच रकाना भरला. डिट्टोची टिकली पुन्हा मारली नाही. पहिले सहा महिने मावशी शेजारी उभी राहून माझं चुकलेलं सांगायची. मटणाचा वास मात्र ओळखायला मला शिकवू शकली नाही. तिथं तिनं हात टेकले.

पुढच्या डिसेंबरात मला पुन्हा सर्दी झाली. रजिस्टर उघडलं. फॅट लिहिलं, आम्लता लिहिली. वासाच्या रकान्यात लिहिलं, 'मला सर्दी आहे. वास शालन थोरवत यांनी घेतला.' शेटेसाहेब ते पान बघून म्हणाले, रजिस्टरात असलं काही लिहितात का? मी म्हटलं, आमच्याकडं लिहितात. मग मी रजिस्टर डॉकवर नेलं, आणि मावशीनं हात पदराला पुसून त्या ओळीच्या शेजारी सही केली.